विरजण

स्पॉल्डिंगच्या नळाला येतं ते पाणी
शेतांतून झिरपत येतं. बटाटे, कोबी, ट्यूलिप,
सपाट काळी जमीन, थेट खाडीपर्यंत.
मॉरिस पेसीनं तीस वर्षं तिथे खत विकलं.
शेतकऱ्यांच्या कुत्र्यांचीसुद्धा नावं त्याला पाठ.
आता त्याच्याकडे सहा डिस्कस मासे आहेत,
बशीएवढे, विटकरी, लाजरे,
आणि त्याच गोण्या विरघळून नळातून येतात.
"पाणी बदल म्हणतात सगळे," तो म्हणाला,
"बदलू कशानं? ह्यानंच?"
नायट्रेट चाळीस.
कायद्यात बसतं. माशांना बसत नाही.

मी शेजारीण. दिवसभर औषधाच्या दुकानात गोळ्या मोजते,
दर महिन्याला त्याचा फवारा त्याच्या हातात ठेवते,
छातीत कळ आली की जिभेखाली मारायचा.
तोही नायट्रेटच. हे त्याला एकदा सांगितलं
तर इतका हसला की फवारा मारावा लागला.

सप्टेंबरात त्याला बोस्टनच्या इस्पितळात नेलं.
(लिंकनशरमधलं बोस्टन. आईला फोनवर
अजून वाटतं, शेजारी उपचाराला अमेरिकेत गेला.)
स्ट्रेचरवरून किल्ली देताना
लेकीबद्दल नाही, घराबद्दल नाही,
रिअ‍ॅक्टरबद्दल बोलला:
सेकंदाला एक थेंब. जास्त नको.
कमी तर मुळीच नको.

रिअ‍ॅक्टर कसला, प्लंबरच्या पाइपचं बंद नळकांडं.
आत सच्छिद्र चिनी मातीचे तुकडे
आणि न दिसणारे जीवाणू.
त्यांना हवा लागू द्यायची नाही.
गुदमरले की नायट्रेटमधला प्राणवायू
ओरबाडून घेतात, उरलेला नायट्रोजन
बुडबुड्यांतून सोडून देतात.
अडला हरी, दुसरं काय.

खुराक व्होडकाचा. रोज अर्धा मिलिलीटर, सिरिंजनं.
घरात कधी बाटली न आणलेली मी
कोपऱ्यावर सगळ्यात स्वस्त कुठली ते विचारते.
गल्ल्यावरची अग्न्येश्का बघत राहते.
"जीवाणूंसाठी," मी म्हणते.
"हो ना," ती म्हणते, "माझ्या नवऱ्याच्या पोटातही आहेत."

चौथ्या रात्री मी कॉक जरा आवळला.
वाटलं, कमी थेंब म्हणजे जास्त काळजी.
सकाळी घरभर सडक्या अंड्यांचा वास,
आणि ज्या माशाला तो मिसेस ड्रिंग म्हणतो
ती कोपऱ्यात काळी पडून, तोंड भिंतीकडे.

सगळं ओतलं. धुतलं. पुन्हा पहिल्यापासून.
इथल्या गारठ्यात माझं दहीसुद्धा लागत नाही,
पातेलं शालीत गुंडाळून बॉयलरच्या कपाटात ठेवते.
म्हटलं, हेही तेच.
फिल्टरचा जुना स्पंज पिळून ते गढूळ पाणी आत घातलं
आणि नळकांड्याला मॉरिसचा राखाडी स्वेटर गुंडाळला,
बाह्यांची गाठ मारून.

मग रोज रात्री चाचणी. दुसरी बाटली अर्धा मिनिट हलवायची,
पाच मिनिटं थांबायचं.
नळीत रंग चढायचा,
हळदीत चुना पडावा तसा. लाल.
लाल. लाल. तीन आठवडे लाल.
दुकानात कुणी विचारलं, ह्या गोळीनं बरं कधी वाटेल,
तर मी पाकिटावरचं वाचून दाखवायचे
आणि मनात थेंब मोजायचे.

एका गुरुवारी शेंदरी.
मिसेस ड्रिंग दोन दाणे खाऊन थुंकली,
तिसरा गिळला.

ऑक्टोबरात तो आला. कॉलर सैल झालेली.
आभार वगैरे नाही, कोट न काढता टाकीपाशी.
घड्याळ न बघता थेंब ऐकले.
"जरा जोरात आहे."
नळी खिडकीशी धरली. तो म्हणे दहा,
मी म्हणे वीस. ढग सरकेना, रंग ठरेना.
तसेच उभे राहिलो, नळी त्याच्या हातात,
हात किंचित थरथरत.

"थंडी आहे," तो म्हणाला. "माझा स्वेटर कुठाय?"
मी बोट दाखवलं.
तो गाठीकडे हात नेतोय तोच ओरडले,
आत्ताच लागलंय.
हलवू नकोस.